सरहद्दीचा व्यापार आणि गावचा रस्ता

शहाद्याच्या भूगोलाकडे एकदा नीट पाहिले म्हणजे हा विषय आम्ही का निवडला हे वेगळे सांगावे लागणार नाही. उत्तरेस वीस-बावीस किलोमीटरवर खेतिया, म्हणजे मध्य प्रदेश. पश्चिमेस प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा ओलांडले की गुजरात. पूर्वेस शिरपूर आणि तेथे मुंबई-आग्रा रस्ता. दक्षिणेस सारंगखेड्याला तापी उतरली की दोंडाईचा. आगगाडी मात्र शहाद्याच्या वाट्याला आली नाही. तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून निघाली ती नंदुरबार, दोंडाईचा करीत तापीच्या दक्षिण अंगाने अमळनेराकडे गेली. उत्तर तीरावरचा सारा मुलूख चाकावरच राहिला. प्रथम बैलगाडीच्या चाकावर, मग मोटारीच्या. कापूस, मिरची, केळी, ऊस आणि अलीकडच्या काळात पपई, जे काही या काळ्या जमिनीत पिकले ते रस्त्यानेच बाहेर गेले. आणि जे इथे पिकत नाही, इथे विकतही नाही, असा तीन राज्यांचा मालही याच गावावरून जातो.

तेव्हा प्रश्न साधा आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आणि खेतियाकडून नंदुरबारकडे जाणारा रस्ता हे दोन्ही या गावात एकमेकांस भेटतात. रात्रभर त्यांवरून ट्रक चालतात. खडी उखडते, गटारावरचा स्लॅब फुटतो, शाळेच्या वेळेला रस्ता ओलांडता येत नाही. हा खड्डा बुजवायचा कोणी? माल ज्याचा त्याने, गाव ज्याचे त्याने, की ज्या सरकारने त्या मालावर कर घेतला त्याने?

व्यापारी मंडळींना हा हिशेबाचा प्रश्न वाटतो, इंजिनिअरांना तो डांबराचा वाटतो. आम्ही तीस वर्षे हमाल, ड्रायव्हर आणि ऊसतोडणीचे मजूर यांच्या बाजूने मालकांच्या समोर बसत आलो आहो. त्या बैठकींतून एक सवय जडली. 'खर्च सर्वांनी मिळून उचलू' असे कोणी म्हटले की खोलीत कोण बसले आहे याआधी कोण बसलेले नाही हे आम्ही पाहतो. इतिहासाकडेही आम्ही त्याच सवयीने पाहतो. गॅझेटियर वाचायला आम्ही शिकलो ते परीक्षेसाठी नव्हे. मजुरीच्या एका वादात जुन्या दरांची गरज पडली, म्हणून वाचनालयात जाऊन बसलो आणि दरांच्या शोधात रस्त्यांवर येऊन पोचलो.

या मुलखातून परदेशी व्यापार जाऊ लागला तो काही काल नव्हे. सुरतेचे बंदर आणि बऱ्हाणपूरची पेठ यांच्यामधली वाट खानदेशातूनच जात असे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० साली सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, तो नंदुरबार, थाळनेर, चोपडे या गावांवरून. त्या काळी रस्ता बांधणे असा प्रकार फारसा नव्हता. वाट तुडवून तुडवून तयार होई. खर्च असे तो रखवालीचा. वाटेवर जकात घ्यायची आणि तिच्या मोबदल्यात वाटसरूला सुखरूप पलीकडे पोचवायचे, असा तो व्यवहार. सातपुड्याच्या घाटांत ही रखवाली भिल्ल नाईकांकडे असे, आणि तिच्याबद्दल त्यांना ठरावीक हक्क मिळत. व्यवहार नेहमी सचोटीने चाले असे आम्ही म्हणणार नाही. नाईकाचा हक्क थकला की वाट बंद होई, आणि वाट बंद झाली की हक्क चुकता होई. पण एवढे खरे की जो पैसा घेई त्याच्यावर वाटेची जबाबदारी असे. पुढे दोनशे वर्षांत हे नाते तुटत गेले.

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८२५ साली आउट्रमने भिल्लांची पलटण उभी केली आणि घाटांच्या रखवालीवर नाईकांना पगारी नोकर केले. त्यांपैकी खाज्या नाईक याचे नाव सातपुड्यात अजून घेतले जाते. तो सेंधवा घाटाच्या वाटेवर रखवालदार होता. मध्यंतरी त्याला बडतर्फ करून तुरुंगात टाकले, पुन्हा कामावर घेतले, आणि १८५७ च्या नोव्हेंबरात त्याने इंदुराकडून येणारा सात लाखांचा खजिना त्याच वाटेवर लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला कधी दंगा म्हटले आहे, कधी स्वातंत्र्ययुद्ध. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. त्या वाटेवरून सात-सात लाखांचा खजिना जात होता, आणि वाट ज्यांच्या डोंगरातून जात होती त्यांच्या वाट्याला त्यातला रखवालदाराचा पगार तेवढा येत होता.

त्या वाटेवर खजिन्यापेक्षाही मोठा माल होता, तो म्हणजे अफू. माळव्यातली अफू होळकर, शिंदे वगैरे संस्थानिकांच्या मुलखात पिके आणि चीनकडे जाण्यासाठी मुंबईच्या बंदरावर येई. सरहद्द ओलांडून येणारा असा हा व्यापार. कंपनी सरकारने त्यावर पासाची पद्धत बसविली: प्रत्येक पेटीमागे ठरावीक रक्कम भरा आणि मुंबईकडे न्या. १८३५ साली हा दर पेटीला १२५ रुपये होता. सिंध जिंकून कराचीची आडवाट बंद केल्यावर तो वाढत वाढत १८४७ साली ४०० रुपयांवर गेला. म्हणजे वाट एकच उरली की तिचा भाव कसा चढतो ते पाहा. आता ज्या रस्त्याने ही पेटी आली त्या रस्त्याच्या दुरुस्तीकडे या ४०० रुपयांतले काही बांधून दिले होते काय? तसे नव्हते. तो पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीचा झाला. व्यापारावरचा कर एका खिशात आणि रस्त्याचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून, ही रीत तेव्हापासूनची.

दुसरा खिसा कोणाचा हे लवकरच स्पष्ट झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. खानदेशी कापसाला कधी नव्हे ते मोल आले. कापूस बंदरावर लवकर पोचावा म्हणून रस्ते पाहिजेत, अशी विलायतेतल्या गिरणीवाल्यांची मागणी जुनीच होती. आता तिला जोर चढला. आणि नेमक्या याच काळात, १८६३ पासून, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा जादा कर सुरू झाला. १८६९ च्या लोकल फंड कायद्याने तो पक्का केला. या पैशाचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी होती. शाळांच्या हिश्शातून कुणब्याच्या मुलाच्या पदरात काय पडते, हे महात्मा फुल्यांनी सरकारला खडसावून विचारले आहे. रस्त्याच्या दोन हिश्शांबद्दलही तोच प्रश्न विचारता येतो. साऱ्यावरचा आणा भरी तो शेतकरी. त्याच्या आण्यातून रस्ता होई तो कापूस लवकर बंदरावर नेण्यासाठी. तेजीत शेतकऱ्याला चार पैसे मिळाले हे खरे. परंतु १८६५ नंतर भाव कोसळले तेव्हा गिरणीवाला निघून गेला, आणा मात्र साऱ्याला चिकटून राहिला.

येवढ्यावरही भागले नाही. १८७५ साली मुंबई इलाख्यात पथकराचा कायदा झाला. रस्त्यांवर आणि पुलांवर टोलनाके बसवावे, वाटल्यास त्यांचा मक्ता द्यावा, अशी त्यात तरतूद होती. साऱ्यावर आणा भरून ज्याने रस्ता केला त्याचीच बैलगाडी आता नाक्यावर अडविली जाऊ लागली. इंग्लंडात हा खेळ आधीच होऊन गेला होता. तिकडे टोलनाक्यांचे ट्रस्ट सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेले, आणि वेल्समधल्या शेतकऱ्यांनी शेताला घालायच्या चुन्याच्या गाड्यांवर जागोजाग टोल भरून वैतागून १८३९ ते १८४३ च्या दरम्यान रात्री बायकांचे पोशाख घालून नाक्यांची फाटके मोडली. पुढे १८८८ साली तिथले मुख्य रस्ते काउंटी कौन्सिलांकडे गेले. विलायतेत जी पद्धत मोडीत निघाली ती आमच्याकडे कायद्याच्या पुस्तकात बसली.

शहाद्याच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. आज आपण दोन राज्यांच्या सरहद्दी म्हणतो; तेव्हा चहूबाजूंनी संस्थाने होती. खेतिया-पानसेमल बडवानी संस्थानात, सेंधवा होळकरांकडे, सुरतेच्या वाटेवरचे सोनगड-व्यारा गायकवाडांकडे, पश्चिमेस राजपीपळा आणि मध्ये काठी वगैरे मेवाशी जहागिऱ्या. इंग्रजी मुलखातली वाटेवरची जकात १८३८ साली मुंबई इलाख्यात रद्द झाली होती, परंतु संस्थानांतले सायर आणि जकात चालूच होते. १९४८ साली संस्थाने विलीन झाली आणि सरहद्द पातळ झाली. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग होताना नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली आणि ती पुन्हा जाड झाली. खेड्यातल्या माणसाचा बाजार मात्र बदलला नाही. त्याची सोयरीक पलीकडे, बाजार पलीकडे आणि सातबारा अलीकडे.

आता मुंबईचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण शहरातल्या रस्त्याच्या खर्चाचा प्रश्न तिथे फार स्वच्छपणे पुढे आला. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर रस्ता पाहिजे होता. सरकार पैसा काढीना. शेवटी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली तो बांध खुला झाला. बाईंनी एकच अट घातली होती: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. दानशूरपणाबद्दल त्यांची स्तुती पुष्कळ झाली आहे, आणि ती योग्य आहे. परंतु जीजीभाईंच्या पेढीची संपत्ती चीनच्या व्यापारात, म्हणजे बऱ्याच अंशी माळव्याच्या अफूतच जमली होती हे लक्षात घेतले, तर वेगळेच दिसते. ज्या व्यापाराने आमच्या घाटातून वाट काढली त्याचा थोडा नफा मुंबईच्या एका रस्त्यात परत आला. शिरपूर, सेंधव्याच्या वाट्याला तसे कोणी आले नाही. दात्याच्या मर्जीवर रस्ते सोडले म्हणजे दाता जिथे राहतो तिथेच रस्ता होतो.

मोटारी आल्या आणि प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. बैलगाडीच्या काळी जिल्हा बोर्ड रस्ता कसाबसा सांभाळी. मोटार दिवसात जिल्हा ओलांडून जाऊ लागली, तेव्हा बोर्डाच्या पैशाने दुसऱ्याच्या मोटारी का चालवाव्या, असे बोर्ड विचारू लागले. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते आपले मुकुंदराव जयकर. समितीचे म्हणणे थोडक्यात असे, की रस्त्यांची वाढ आता प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेली आहे आणि देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या रस्त्यांचा भार मध्यवर्ती तिजोरीने उचलला पाहिजे. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्यावे आणि ते वेगळ्या निधीत ठेवावे. १९२९ साली असा निधी सुरू झाला. आमच्या मते रस्त्याच्या पैशाच्या इतिहासातले हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होय. जो जितके चालतो तितके पेट्रोल जाळतो; त्याला नाक्यावर थांबवावे लागत नाही, पावती फाडावी लागत नाही, मक्तेदार पोसावा लागत नाही. १९३५ साली मुंबई इलाख्याने मोटार वाहनांवर प्रांतिक कर बसविला, त्यामागेही बरीचशी हीच दृष्टी होती.

यानंतर १९४३ च्या डिसेंबरात देशातले मुख्य इंजिनिअर नागपुरात जमले. त्यांनी रस्त्यांच्या पायऱ्या लावल्या: राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग. प्रत्येक पायरीला एक धनी. फार चांगले काम. पण या पायऱ्यांत गावातून जाणाऱ्या रस्त्याला स्वतःची जागा मिळाली नाही, आणि जे राहिले ते पुढे कायद्यात उमटले. १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आम्ही मुद्दाम वाचला. परिशिष्टातले रस्ते राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर करताना त्यात एक अपवाद घातला होता: नगरपालिका हद्दीतले त्या रस्त्यांचे तुकडे वगळून. आणि नगरपालिका हद्द म्हणजे वीस हजार किंवा त्याहून अधिक वस्तीची. धुळ्यासारख्या गावी मुंबई-आग्रा आणि सुरत-कलकत्ता असे दोन राष्ट्रीय रस्ते भेटतात. कायद्याच्या भाषेत, शिवेपर्यंत रस्ता राष्ट्राचा, शिवेच्या आत धुळेकरांचा, पुन्हा शिवेबाहेर राष्ट्राचा. ट्रक तोच, माल तोच, मध्येच धनी बदलला. हा अपवाद कायद्यातून निघाला तो १९७७ साली. एकवीस वर्षे तो तिथे राहिला, याचा अर्थ गावच्या रस्त्याचा भार गावाने वाहावा हे कोणालाच फारसे विचित्र वाटले नव्हते.

राष्ट्रीय मार्गांचे हे झाले. राज्यमार्गावरच्या शहाद्यासारख्या गावांचा वाद तर बांधकाम खाते आणि नगरपालिका यांच्या पत्रव्यवहारातच राहतो. डांबराची पट्टी खात्याची, तिच्या कडेचे गटार पालिकेचे, आणि गटार तुंबून डांबर उखडले की पत्र पाठवायचे कोणी, हा प्रश्न पावसाळाभर पुरतो.

नगरपालिकेकडे पैसा येत होता तो कुठून हेही पाहिले पाहिजे. तिची मोठी मिळकत म्हणजे जकात. हद्दीत विक्रीला येणाऱ्या मालावर जकात; नुसता पुढे जाणारा माल पास घेऊन सुटे. म्हणजे शहाद्याचा माणूस गूळ, सिमेंट, कापड विकत घेताना जकात भरी आणि त्याच्या पैशातून दुरुस्त झालेल्या रस्त्यावरून खेतियाचा माल पुढे निघून जाई. नाक्यावरची लाचलुचपत, तासन्‌तास थांबलेले ट्रक आणि ड्रायव्हरांच्या शिव्या हे सारे आम्ही पाहिले आहे. जकात गेली याचे दुःख आम्हांस नाही. १९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकांची उरलीसुरली जकातही गेली. आता सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर कर एकच, तो दिल्ली आणि राज्ये यांच्यात वाटला जातो. ज्या गावातून माल जातो त्याचे नाव त्या वाटणीत कुठेच नाही. आधी निदान आपल्याच लोकांकडून तरी गावाला घेता येत होते; आता अनुदानाची वाट पाहायची.

सरहद्दीच्या व्यापाराची आमच्या भागातली दुसरी आठवण कापसाची. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही. हेतू उदात्त होता. पण ज्या वर्षी पलीकडे भाव चढा असे, त्या वर्षी रात्री खेतिया आणि सेंधव्याच्या बाजूला गाड्या निघत, आणि एकाच देशात कापसाची चोरटी आयात-निर्यात चाले. घटनेच्या ३०१ व्या कलमात देशभर व्यापार मुक्त असावा असे म्हटले आहे. ते कलम आमच्या शेतकऱ्याने वाचले नव्हते, त्याने बैल जुंपून त्याची अंमलबजावणी केली.

या कलमाचा रस्त्याशी निकटचा संबंध आहे. एखाद्या राज्याने बाहेरून येणाऱ्या वाहनांवर कर बसविला तर तो मुक्त व्यापाराला अडथळा होतो काय? राजस्थानातल्या मोटारवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितले, की रस्ते, पूल अशा सोयींच्या मोबदल्यात घेतलेला, भरपाईच्या स्वरूपाचा कर अडथळा मानता येत नाही. ही कसोटी आम्हांस पटणारी होती; कर घेणाऱ्याने सोय दाखवावी, असा तिचा अर्थ. पुढे राज्ये 'भरपाई' या शब्दाखाली वाटेल ते कर बसवू लागली, कोर्टात ढीगभर खटले झाले, आणि २०१६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ही कल्पनाच बाजूला सारली. भेदभाव नसला म्हणजे कर चालेल, असे आता आहे. मोबदल्याचा प्रश्न कायद्यातून गेला. रस्त्यावर तो आहेच.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सरकारांनी यावर काढलेला उपाय म्हणजे खाजगी कंपनीकडून रस्ता बांधून घ्यावा आणि तिला टोल वसूल करू द्यावा. उघड्या मुलखातल्या रस्त्यावर याचे काय व्हायचे ते होवो. शहरात त्याची परीक्षा कोल्हापुरात झाली. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते सुमारे २२० कोटी रुपयांना अशा पद्धतीने करण्यात आले आणि २०१३ च्या ऑक्टोबरात शहराच्या वेशींवर टोल सुरू झाला. आपल्याच गावात शिरायला पैसे का, असे म्हणून कोल्हापूरकर रस्त्यावर आले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे या वयोवृद्ध पुढाऱ्यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. टोल रद्द झाला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि तो पाहायला ते राहिले नव्हते. कंपनीला भरपाई राज्य सरकारने दिली. म्हणजे जो खर्च मुळात राज्याने करायचा तो शेवटी राज्यानेच केला; मध्ये चार वर्षांची रस्सीखेच झाली. मुंबईतही असेच. उड्डाणपुलांच्या खर्चासाठी २००२ पासून मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर टोल घेण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो माफ झाला. मालाच्या गाड्यांना नाही.

येथे ड्रायव्हरांचा वकील म्हणून आम्हांस एक बोलू द्यावे. मालाची गाडी टोल भरते म्हणजे कोण भरते? कागदावर मालक. मालक तो भाड्यात लावतो. भाडे व्यापारी देतो, पण पदरचे देत नाही. आमच्या तालुक्यातली पपई उचलायला उत्तरेकडचे व्यापारी शेताच्या बांधावर येतात आणि भाव सांगतात, तेव्हा त्या भावातून दिल्लीपर्यंतचे सगळे नाके आधीच वजा झालेले असतात. बाजार समितीत माल नेला तर पट्टीत हमाली, तोलाई निदान लिहिलेली दिसते. टोल कुठेही लिहिलेला नसतो. आणि भाडे ओढाताणीचे असले की मालक ड्रायव्हरचा भत्ता कापतो, क्लीनर कमी करतो, गाडीत जादा माल भरतो. जादा भरलेल्या गाडीने रस्ता आणखी फुटतो. 'वापरणाऱ्याने भरावे' हे तत्त्व ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात ते या साखळीत सर्वांत खाली जो असेल त्याच्या अंगावर जाऊन बसते.

ज्याने पैशाने नव्हे तर अंगाने भरले त्याची नोंद तर कुठल्याच हिशेबात नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर खडी फोडण्याची कामे निघाली आणि लाखो माणसे हातोडा घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. त्याच वर्षी शहादा-तळोद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांनी भूमिहीन आदिवासींना उभे केले होते. गेलेली जमीन परत, किमान मजुरी आणि हाताला काम, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्याच्या खर्चासाठी १९७५ पासूनच शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर होता. पगारदाराच्या पैशाने आणि भिल्ल, पावरा स्त्री-पुरुषांच्या हातांनी सातपुड्याच्या पायथ्याशी किती मैल रस्ते झाले याची बेरीज कोणी करावी, अशी आमची फार इच्छा आहे. ज्या बाईने रस्त्याची खडी फोडली तिला आज तोच रस्ता ओलांडायला दहा मिनिटे कडेला उभे राहावे लागते.

परदेशातही हा प्रश्न सुटलेला आहे असे समजू नये. कॅनडातल्या विंडसर शहरात हूरॉन चर्च नावाचा रस्ता आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या व्यापाराचा फार मोठा भाग १९२९ साली बांधलेल्या एका पुलावरून या रस्त्यावर उतरतो. पूल खाजगी मालकीचा, त्याचा टोल मालकाला. रस्ता नगरपालिकेचा, त्यावरची धूळ, धूर आणि खड्डे विंडसरकरांना. २०२२ च्या फेब्रुवारीत निदर्शकांनी तो रस्ता काही दिवस अडविला तेव्हा दोन देशांतले मोटारींचे कारखाने अडले, आणि पोलिसांचा खर्च मात्र प्रथम शहराच्या अंगावर आला. तो परत मिळावा म्हणून नगरपालिकेला केंद्र सरकारकडे मागणी करावी लागली. वेगळ्या वाटेने नवा रस्ता आणि नवा पूल सरकारी खर्चाने काढायचे मात्र त्याआधीच ठरले होते.

बाहेरून रस्ता काढणे हाच उपाय आपल्याकडेही सांगितला जातो. बाह्यवळण झाले की गावातला रस्ता एकदा डांबर टाकून नगरपालिकेच्या ताब्यात देतात आणि मोठे सरकार मोकळे होते. पण ट्रक बाहेरून गेले तरी बाजार समिती, कारखाना, जिनिंग यांचा माल गावातूनच येतो-जातो. २०१७ साली तर एक विनोदच घडला. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा जळगाव, यवतमाळ यांसारख्या शहरांतले राज्यमार्गांचे तुकडे 'अवर्गीकृत' करून घाईघाईने नगरसंस्थांकडे देण्याची टूम निघाली. रस्ता शहराचा झाला की तो महामार्ग राहत नाही, आणि दुकान वाचते. शहराच्या रस्त्याचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न शंभर वर्षे समित्यांना सुटला नव्हता. तो एका रात्रीत सुटला, आणि कोणासाठी सुटला ते आपण पाहिलेच.

आमचे मत आता सांगतो. गावातून जाणाऱ्या व्यापारी रस्त्याचा भार घरपट्टीवर टाकू नये. घरपट्टी भरणाऱ्याने तो व्यापार बोलावलेला नाही. तो नाक्यावरही टाकू नये; त्याचे कारण वर आले. जयकर समितीने दाखविलेली वाट अजून मोकळी आहे. इंधनावरचा रस्ता उपकर आजही घेतला जातो. २००० सालच्या कायद्याने त्याचा निधीही आहे. त्या निधीतून राष्ट्रीय मार्ग, राज्यमार्ग, ग्रामीण रस्ते यांना हिस्सा मिळतो. ज्या नगरपालिकांच्या हद्दीतून दोन किंवा अधिक राज्यांचा माल जातो त्यांना त्यात स्वतंत्र हिस्सा मिळाला पाहिजे, आणि तो वस्तीच्या प्रमाणात नव्हे, तर मोजलेल्या वाहतुकीच्या प्रमाणात. राज्य वित्त आयोग नगरपालिकांच्या वाटणीचे सूत्र ठरवितो. वाहतूक हा आकडा त्या सूत्रात घालण्यास घटनेचा अडथळा नाही.

आणि खर्च म्हणजे नुसते डांबर, असे धरू नये. रात्री ट्रक थांबण्याची जागा, ड्रायव्हरला अंघोळीला पाणी, हमालांना सावली, शाळेजवळ ओलांडण्याची सोय, पक्के गटार, हा सगळा त्या व्यापाराचाच खर्च आहे. आजवर तो गावाने, आणि गावातही जे रस्त्याच्या कडेला झोपडी घालून राहतात त्यांनी उचलला. अंदाजपत्रकात 'रस्ता' या सदराखाली तो लिहून घ्यावा.

यासाठी पहिले काम मोजणीचे आहे. खेतियाच्या बाजूने, प्रकाशाच्या बाजूने आणि शिरपूरच्या बाजूने येणाऱ्या मालगाड्या सात दिवस, सात रात्री मोजायच्या: किती भरलेल्या, किती रिकाम्या, किती गावात थांबणाऱ्या आणि किती नुसत्या पुढे जाणाऱ्या. हे काम नगरपालिकेने करावे, बाजार समितीने करावे, कॉलेजच्या मुलांनी करावे. कोणीच केले नाही तर हमालांच्या तीन पाळ्या लावून आम्ही करू. गाडीचा पाटा किती दबला आहे हे पाहून आत किती क्विंटल आहे ते सांगणारी माणसे आमच्याकडे आहेत.